ऑस्ट्रेलियन चित्रकलेवर लिहायचंय? मग आधी शोधबातम्या वाचा

तुम्ही विचारलंय, मेलबर्नला आल्यापासून इथल्या आजच्या चित्रकलेवर मराठीत लिहावंसं वाटतंय, पण समोर येतात त्या फक्त आर्चिबाल्ड पुरस्काराच्या बातम्या. तर सुरुवात कुठून करावी? माझं मत जरा तिरकं आहे. समीक्षेपासून नको, शोधबातमीपासून करा.

आर्चिबाल्डला मी नावं ठेवत नाही. १९२१ पासून सिडनीत भरणारी ती व्यक्तिचित्रांची जत्रा आहे आणि तिथली भांडणंही झकास. विल्यम डोबेलच्या १९४३ च्या विजेत्या चित्राला ‘हे व्यंगचित्र आहे’ म्हणत दोन चित्रकार थेट कोर्टात गेले, आणि हरले. पण जिंकलं कोण आणि चित्रात कोण, एवढ्यावर लेख उभा राहत नाही.

त्यापेक्षा २०२३ चं ‘न्गुरा पुल्का’ या प्रदर्शनाचं प्रकरण मुळातून वाचा. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एपीवाय (आनंगु पित्जन्त्जत्जारा यंकुनित्जत्जारा) या मूळनिवासींच्या भागातल्या ॲबोरिजिनल चित्रकारांचं हे मोठं प्रदर्शन कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत होणार होतं. ‘द ऑस्ट्रेलियन’ या वर्तमानपत्राने बातमी दिली, की स्टुडिओतले गोरे मदतनीस या चित्रकारांच्या कॅनव्हासवर हात चालवतात. एपीवायच्या कलाकेंद्रांनी आरोप फेटाळले, प्रदर्शन मात्र पुढे ढकललं गेलं. गॅलरीने नेमलेल्या स्वतंत्र समितीने २८ चित्रं तपासली आणि त्यांवर सर्जक ताबा, म्हणजे चित्रात काय आणि कसं हे ठरवणं, चित्रकारांचाच होता, असा निष्कर्ष दिला. आता, मदतनीस कुठल्या बड्या चित्रकाराकडे नसतात? इथे प्रश्न इतका झोंबला, कारण ही चित्रं पूर्वजांच्या आणि भूमीच्या कथा सांगतात, आणि कोणती कथा कोणी सांगायची हे नात्यागोत्यावर ठरतं. परका हात लागला की तो नुसता रंगकामाचा मामला उरत नाही. आरोप आणि अहवाल, दोन्ही वाचा. बरेच जण आरोपावरच थांबतात.

आपल्याला जवळचं उदाहरण हवं तर नटराजाचं. याच गॅलरीने २००८ मध्ये सुभाष कपूर या न्यूयॉर्कच्या पुराणवस्तू-विक्रेत्याकडून चोळकालीन नटराज ५० लाख अमेरिकी डॉलरला घेतला. तो तामिळनाडूतल्या श्रीपुरंदान गावच्या देवळातून चोरलेला होता. पत्रकार आणि हौशी अभ्यासक फोटो ताडत मागे लागले, गॅलरी बराच काळ खरेदीचं समर्थन करत राहिली, आणि शेवटी सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान ॲबट यांनी मूर्ती दिल्लीत परत केली.

पत्रकारिता नेहमी असं पुण्यकर्मच करते असं नाही हं. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात ऑस्ट्रेलियातर्फे जाण्यासाठी निवडलेल्या खालेद सबसाबी या कलाकाराची निवड काही दिवसांतच रद्द झाली. वर्तमानपत्रातला मजकूर आणि सेनेटमधला प्रश्न एवढं पुरलं, तेही त्याच्या जुन्या व्हिडिओ-कामांवरून. जुलैमध्ये त्याला पुन्हा नेमलं. आधीच्याच वर्षी आर्ची मूर या कलाकाराने ऑस्ट्रेलियाला तिथला पहिला गोल्डन लायन, म्हणजे बिएनालेचा सर्वोच्च पुरस्कार, मिळवून दिला होता, हे लक्षात घेतलं की या घाबरटपणाची आणखी चीड येते.

नियमित वाचनासाठी ‘आर्टलिंक’ हे कलामासिकवजा नियतकालिक आणि मेलबर्नचंच ‘मेमो’ हे कलासमीक्षेचं नियतकालिक. मेमोवाले मित्रांच्या प्रदर्शनांनाही झोडतात, म्हणून मला आवडतात. पहिल्या लेखासाठी फेडरेशन स्क्वेअरच्या इयान पॉटर सेंटर या कलादालनाला जा, कायमचा संग्रह फुकट बघता येतो. चित्राइतकाच वेळ शेजारच्या पाटीला द्या: चित्रकार कुठल्या समाजाचा, चित्र कोणत्या साली गॅलरीत आलं, विकत की देणगी. कुठे खटकलं तर इथे लिहा, पुढचं बोलू.