सप्तर्षींतले तारे खरोखर एकत्र चालले आहेत का? आणि आपला सूर्यही त्यांच्यातलाच का?

सातपैकी पाच खरोखर एकत्र चालले आहेत: पुलह, पुलस्त्य, अत्रि, अंगिरा आणि वसिष्ठ. वसिष्ठाला लागून दिसणारी अरुंधतीही त्यांच्यातलीच. दोन टोकांचे क्रतु आणि मरीचि मात्र परके. सूर्यही त्यांच्यातला नाही, पण त्याचं प्रकरण जरा वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

पाच जणांचं नातं आकृतीवरून ठरलेलं नाही. आकाशात शेजारी दिसणारे तारे एकमेकांपासून शेकडो प्रकाशवर्षं दूर असू शकतात. नातं ठरतं ते चालीवरून. १८६९ साली रिचर्ड प्रॉक्टर या इंग्रज अभ्यासकाने ताऱ्यांच्या सरकण्याच्या नोंदी नकाशावर मांडल्या, तेव्हा हे पाच जण एकाच दिशेने निघालेले दिसले. नंतर अंतरं मोजली गेली, तीही जुळली. पाचही जण आपल्यापासून साधारण ८० ते ८३ प्रकाशवर्षांवर आहेत. मरीचि सुमारे १०४ वर, क्रतु सुमारे १२३ वर.

मे महिन्याच्या सुरुवातीला रात्री साडेनऊ-दहाला उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. ध्रुवाच्या बऱ्याच वर सप्तर्षी पालथे पडलेले दिसतील, शेपटी उजवीकडे. ते पाच जण उजवीकडे सरकताहेत आणि क्रतु-मरीचि डावीकडे! डोळ्यांना अर्थात काही कळणार नाही, कारण पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढं अंतर सरकायला त्यांना १५-१६ हजार वर्षं लागतात. पण लाखभर वर्षांनी ही ओळखीची आकृती पार मोडलेली असेल. मला हे पहिल्यांदा समजलं त्या रात्री मी किती तरी वेळ त्या दोन टोकांकडेच बघत होतो.

आता हे एकत्र का? ४० ते ५० कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धुळीच्या एकाच ढगातून ते जन्मले. सुरुवातीला तो दाट गुच्छ असणार, आजच्या कृत्तिकांसारखा. पण गुच्छातला उरलेला वायू उडून जातो, बांधून ठेवणारं गुरुत्वाकर्षण कमी पडतं, वाटेत मोठे ढग भेटतात आणि आकाशगंगेची ओढ गुच्छाला ताणत राहते. आकाशगंगेभोवती एक फेरी मारायला २२-२३ कोटी वर्षं लागतात, म्हणजे यांच्या जेमतेम दोन फेऱ्या झाल्या. तेवढ्यात बरेचसे पांगले, तरी जन्मतःची चाल अजून शिल्लक आहे.

सूर्याचं समजायला आपल्या नाशिककरांना सोपं उदाहरण आहे. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून निघून शहरात येते तेव्हा दिंडीतल्यांना कुणी बांधलेलं नसतं, पण वाट एक आणि चाल एक. त्याच वेळी रस्ता ओलांडणारा माणूसही क्षणभर दिंडीतच दिसतो. सूर्य हा असा ओलांडणारा. या समूहाचे पांगलेले तारे आपल्या अवतीभोवती विखुरलेले आहेत आणि सूर्य त्यांच्यामधून जातो आहे. पण त्याचा वेग-दिशा वेगळी, आणि वय ४६० कोटी वर्षं, म्हणजे यांच्या जवळपास दहापट.

नुसती चाल जुळली म्हणूनही नातं पक्कं होत नाही. व्याधाला पूर्वी याच समूहात धरत. त्याचं वय सुमारे २४ कोटी निघालं, म्हणून आता त्याबद्दल शंका घेतली जाते. माझ्या मते हेच जास्त पटणारं आहे: चाल, वय आणि ताऱ्यातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण, तिन्ही जुळलं तरच भाऊबंद म्हणावं.

अजून न पांगलेला गुच्छ पाहायचा असेल तर हिवाळ्यात रोहिणी शकट, म्हणजे रोहिणी ताऱ्याजवळ दिसणारा V आकाराचा गुच्छ बघा, अंतर सुमारे १५० प्रकाशवर्षं. १९०८ साली लुईस बॉस या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने दाखवलं की त्यातल्या ताऱ्यांच्या वाटा आकाशात एका बिंदूकडे जुळत जातात, आणि त्यावरून त्याचं अंतरही काढता आलं. गाया या अवकाश दुर्बिणीच्या मोजमापांतून २०१९ मध्ये या गुच्छातून निसटलेल्या ताऱ्यांचे दोन लांब पट्टे सापडले, म्हणजे हाही पांगायला लागला आहे. स्वतः रोहिणी मात्र त्यात नाही, ती ६५ प्रकाशवर्षांवर, निम्म्याहून अलीकडे.

पाहायला कुठे जावं? कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या गच्चीवरून अत्रि बहुतेक हरवतोच, कारण सातांत तो सर्वांत मंद आहे. गंगापूर धरणाच्या पलीकडे किंवा अंजनेरीच्या बाजूला चंद्र नसलेल्या रात्री जा, पावसाळ्याआधी. अत्रि सापडला की शेपटीच्या मधल्या ताऱ्याकडे वळा. तो वसिष्ठ. नजर चांगली असेल तर दुर्बिणीशिवायही अरुंधती वेगळी दिसते.