'डिरेक्टरी ट्रॅव्हर्सल'साठी मराठी शब्द कोणता?

फाइल देवाणघेवाणीच्या सर्व्हरविषयीची एक सुरक्षा सूचना मराठीत आणताना 'डिरेक्टरी ट्रॅव्हर्सल' या दोषनामासाठी 'निर्देशिका मार्गक्रमण' हा प्रतिशब्द चालेल का, अशी पृच्छा आहे. माझ्या मते तो वापरू नये, कारण त्यातून दोष कोणता हेच वाचकाला कळत नाही.

एका फोल्डरातून, म्हणजेच निर्देशिकेतून, दुसऱ्यात जाणे किंवा वरच्या फोल्डरात परतणे हे अशा सर्व्हरवरचे नित्याचे काम आहे. ऑक्टोबर १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एफटीपी या फाइल देवाणघेवाणीच्या पद्धतीच्या मानकात, म्हणजे आरएफसी ९५९ या दस्तऐवजात, वरच्या निर्देशिकेत जाण्यासाठी 'सीडीयूपी' ही स्वतंत्र आज्ञाच दिलेली आहे. युनिक्स या संगणकप्रणालीत तर प्रत्येक निर्देशिकेत '..' अशी एक नोंद असते आणि ती वरच्या निर्देशिकेकडे नेते. तेव्हा मार्गक्रमण हा अपराध नाही. वापरकर्त्याला एक फोल्डर नेमून दिल्यावर, त्याने पाठवलेला मार्ग शेवटी कोठे पोहोचतो हे न तपासता सर्व्हरने फाइल उघडून दिली, की बिघाड होतो. मग '../../../../' अशी माळ लावून तो वापरकर्ता थेट सर्वांत वरच्या, म्हणजे मूळ निर्देशिकेपर्यंत चढतो. आणि मूळ निर्देशिकेची '..' ही नोंद पुन्हा तिच्याकडेच वळत असल्यामुळे, किती पायऱ्या चढायच्या हे ठाऊक नसले तरी माळ लांबवली की त्याचे भागते.

सॉफ्टवेअरमधील दोषांच्या 'सीडब्ल्यूई' या वर्गीकरणात या दोषाचा क्रमांक २२ आहे. तेथील लांबलचक शीर्षकाचा आशय 'फाइलमार्ग ठरवून दिलेल्या निर्देशिकेपुरता नीट मर्यादित न ठेवणे' असा असून 'पाथ ट्रॅव्हर्सल' हे सुटसुटीत नाव त्याच्या शेवटी कंसात जोडलेले आहे. या आखूड नावातून 'मर्यादा' गळून पडली. मराठी शब्द नव्यानेच घडवायचा असेल, तर ती परत घ्यावी.

'अतिक्रमण' प्रथमदर्शनी चपखल वाटते. पण मराठीत अतिक्रमण म्हटले की जागा बळकावून तेथे ठाण मांडणे आले, आणि येथे पुष्कळदा केवळ फाइल वाचली जाते. 'घुसखोरी'ची दिशाच उलटी आहे, कारण सर्व्हरने आपणहून दार उघडलेला माणूस येथे नेमलेल्या जागेतून बाहेर पडतो. 'सीमोल्लंघन' दिशेच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे, परंतु दसऱ्याच्या मुहूर्ताचे आणि पराक्रमाचे वलय त्याला इतके घट्ट चिकटलेले आहे की सुरक्षा सूचनेत तो शब्द हल्लेखोराचा गौरव करील. मला 'निर्देशिका-मर्यादाभंग' पसंत आहे.

हा शब्द कसोटीला लावण्यासाठी सोलरविंड्स कंपनीच्या 'सर्व्ह-यू' या फाइल सर्व्हरमधील दोष घ्यावा. जून २०२४ मध्ये जाहीर झालेल्या या दोषाचा, जाहीर सुरक्षा दोषांच्या 'सीव्हीई' या यादीतील, क्रमांक सीव्हीई-२०२४-२८९९५ असून त्याची तीव्रता १० पैकी ८.६ ठरवण्यात आली होती. लॉगिन न करताही सर्व्हरवरच्या फाइली वाचता येत होत्या, मात्र फाइलचा मार्ग ठाऊक असणे आवश्यक होते. गंमत अशी की तपासणी मुळीच नव्हती असे नाही. विंडोजवर मार्गातील घटक बॅकस्लॅशने आणि लिनक्सवर साध्या स्लॅशने वेगळे केले जातात. तपासणी त्या त्या प्रणालीच्या स्लॅशपुरतीच होई आणि 'चुकीचा' स्लॅश दुरुस्त करण्याचे काम तपासणी उरकल्यानंतर केले जाई. त्यामुळे विंडोजवरील सर्व्हरला '../' आणि लिनक्सवरील सर्व्हरला '..\' पाठवले, की पहारा बिनदिक्कत चुकवता येत असे. मर्यादा घातलेली होती आणि ती मोडली गेली, ही गोष्ट 'मर्यादाभंग' सांगतो. 'मार्गक्रमण' सांगू शकत नाही.

प्रत्यक्ष अनुवादात पहिल्या उल्लेखाला 'निर्देशिका-मर्यादाभंग, म्हणजेच डिरेक्टरी ट्रॅव्हर्सल' असे दोन्ही द्यावे, कारण सर्व्हर सांभाळणारा माणूस दोष शोधताना मूळ नावानेच शोधणार आहे. पुढे क्रियापद वापरून 'नेमून दिलेल्या फोल्डरबाहेरील फाइली वाचता येतात' असे सरळ लिहावे. पण त्या दोषामुळे फाइल बाहेर लिहिताही येत असेल, तर तसा स्पष्ट उल्लेख हवा, कारण वाचण्याने गुपिते फुटतात, तर लिहिण्याने सर्व्हरच ताब्यात जाऊ शकतो. 'निर्देशिका' हा शब्द पुष्कळांना दूरध्वनी क्रमांकांच्या जाड पुस्तकाची आठवण करून देतो, म्हणून शीर्षकाबाहेर 'फोल्डर' लिहिण्यास माझी काहीच हरकत नाही.

फाइल देवाणघेवाणीच्या सॉफ्टवेअरमधील प्रत्येक दोषाला मात्र हे नाव चिकटवू नये. २०२३ मध्ये गाजलेला 'मूव्हइट ट्रान्सफर'मधील दोष डेटाबेसला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत परका मजकूर घुसवण्याचा, म्हणजे एसक्यूएल इंजेक्शनचा होता, आणि तेथे 'मर्यादाभंग' लिहिल्यास सूचना वाचणारा भलतीकडेच शोध घेत बसेल.