तीव्र लेसरखाली अणूच्या ऊर्जापातळ्या बदलतात म्हणजे नेमकं काय होतं?

तुमचा प्रश्न असा: बीएस्सीच्या पुस्तकात अणूच्या ऊर्जापातळ्या (इलेक्ट्रॉनला राहता येतं अशा ऊर्जेच्या पायऱ्या) ठरलेल्या असतात असं शिकवलंय, मग तीव्र लेसर त्या बदलतो कसा, आणि लेसर बंद केल्यावर अणू पूर्ववत होतो का? मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुस्तक चुकीचं नाही. त्यातल्या पातळ्या एकट्या अणूच्या आहेत, एवढंच. चुलीवर वरण उतू गेलं की जाळ एकदम पिवळा होतो, पाहिलंय ना? तो मिठातल्या सोडियमचा प्रकाश, 589 नॅनोमीटरचा. चूल कोणत्याही गावची असो, पिवळा तोच. जाळातला प्रकाश इतका दुबळा असतो की अणूची घडी त्यानं विस्कटत नाही. लेसर तीव्र झाला की मात्र अणू एकटा उरत नाही. मग पातळ्या मोजायच्या त्या अणू आणि प्रकाश यांच्या जोडीच्या.

वर्गात मी हे दगडांनी दाखवतो. व्हरांड्याच्या दोन खांबांना सुतळी जराशी ढिली बांधायची. तिला हातभर लांबीच्या सारख्या दोऱ्यांनी सारख्या वजनाचे दोन दगड वीतभर अंतरावर टांगायचे. एकाला सुतळीच्या आडव्या दिशेनं झोका द्यायचा आणि दुसऱ्याला हातही लावायचा नाही. थोड्या वेळानं दुसरा आपोआप डोलायला लागतो आणि पहिला पार थांबतो. मग पुन्हा उलट. पोरं अगदी गप्प होऊन बघतात. आता पुढचं महत्त्वाचं: दोघांना एकाच बाजूला ओढून सोडा आणि 20 झोक्यांची वेळ मोजा. मग विरुद्ध बाजूंना ओढून सोडा आणि पुन्हा मोजा. दोन वेळा वेगळ्या येतात. एकट्या दगडाचा ठेका एकच होता, जोडीचे दोन झाले.

अणूत हेच घडतं. लेसरची वारंवारता दोन पातळ्यांमधल्या फरकाशी जुळली की इलेक्ट्रॉन खाली-वर, खाली-वर होत राहतो. याला राबी दोलन म्हणतात. आणि तिसऱ्या एखाद्या पातळीवरून मंद प्रकाशानं चाचपून पाहिलं, तर वर्णपटात जिथे एक रेषा (अणू शोषतो त्या वारंवारतेची खूण) होती तिथे दोन दिसतात. ऑटलर आणि टाउन्स या भौतिकशास्त्रज्ञांनी हे 1955 साली रेणूंवर, रेडिओ लहरी आणि सूक्ष्मलहरी वापरून दाखवलं. पहिला लेसर 1960 चा, म्हणजे हे त्याच्याही आधीचं. दोन रेषांमधलं अंतर प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राच्या प्रमाणात वाढतं. त्यामुळे तीव्रता चौपट केली की अंतर दुप्पट होतं. परीक्षेत इथे पुष्कळ जण चुकतात.

वारंवारता जुळत नसेल तरी पातळ्या थोड्या सरकतातच. अणुघड्याळवाल्यांना याचा मोठा त्रास होता. अणुघड्याळ अणूच्या दोन पातळ्यांमधल्या फरकावरून वेळ मोजतं, आणि अणू लेसरच्या जाळीत धरून ठेवायचे तर तोच लेसर त्यांच्या पातळ्या हलवणार. स्ट्रॉन्शियमच्या घड्याळात त्यावर फार सुंदर तोड निघाली. साधारण 813 नॅनोमीटरचा लेसर घेतला, तर घड्याळाच्या दोन्ही पातळ्या सारख्याच सरकतात आणि त्यांच्यातला फरक तसाच राहतो.

एक गैरसमज मात्र काढून टाका. लेसर तीव्र झाला म्हणून त्याचा एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, बलवान होत नाही, फोटॉनांची संख्या वाढते. गर्दी पुरेशी झाली की अणू दोन-तीन फोटॉन एकदम गिळू शकतो. मारिया गोपर्ट-मायर या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी हे 1931 मध्येच कागदावर मांडलं होतं. प्रकाशाच्या बाबतीत ते खरं ठरायला लेसर यावा लागला, 1961 उजाडलं.

याहून तीव्र म्हणजे किती? मे महिन्यातलं आपल्याकडचं भर दुपारचं ऊन एका चौरस सेंटिमीटरवर साधारण 0.1 वॅट पडतं. त्याच्या 1 वर 15 शून्यं इतके पट करा. एवढी ऊर्जा कुठून येते, असं पोरं विचारतात. ऊर्जा फार नसतेच. पाच ग्रॅमचं कापसाचं बोंड दोन सेंटिमीटर उचलायला जेवढी लागते तेवढीच, म्हणजे 1 मिलिज्यूल. पण ती 30 फेम्टोसेकंदांत (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग), 0.2 मिलिमीटरच्या ठिपक्यावर ओतायची. असे स्पंद, म्हणजे प्रकाशाचे क्षणिक झोत, सहज मिळू लागले ते डोना स्ट्रिकलँड आणि जेरार मूरू या भौतिकशास्त्रज्ञांच्या 1985 च्या युक्तीमुळे: स्पंद आधी लांबवायचा, मग वाढवायचा, मग पुन्हा दाबायचा. त्यांना 2018 चं नोबेल मिळालं.

एवढ्या तीव्रतेला पातळी सरकली की फुटली, हा हिशेबच अपुरा पडतो. हायड्रोजनच्या इलेक्ट्रॉनवर केंद्रकाचं क्षेत्र असतं मीटरला सुमारे 5 वर 11 शून्यं इतके व्होल्ट, आणि लेसरचं क्षेत्र त्याच्या विसाव्या हिश्शापर्यंत पोचलेलं असतं. केंद्रकानं घातलेला बांध एका बाजूनं खचतो आणि इलेक्ट्रॉन त्यातून बोगदा पाडल्यासारखा बाहेर निसटतो. पुढच्याच क्षणी प्रकाशाची लाट उलटते आणि त्यातले काही इलेक्ट्रॉन मागे फेकले जाऊन आपल्याच अणूवर येऊन आदळतात. त्या आदळण्यातून मूळ लेसरच्या कितीतरी पट वारंवारतेचा प्रकाश निघतो. अ‍ॅन लुइलिए या भौतिकशास्त्रज्ञांना 1987 मध्ये निष्क्रिय वायूत हे अधिस्वर, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतल्या लहरी, दिसले. त्यातूनच पुढे अ‍ॅटोसेकंदाचे (फेम्टोसेकंदाच्या हजाराव्या भागाचे) स्पंद तयार झाले आणि 2023 च्या नोबेलमध्ये त्या एक मानकरी होत्या.

आता शेवटचा भाग, लेसर बंद केल्यावर काय? स्पंद हळूहळू चढून हळूहळू उतरला आणि वारंवारता जुळणारी नसेल, तर सरकलेल्या पातळ्या आपल्या जागी येतात आणि अणू होता तसा होतो. इलेक्ट्रॉन निघूनच गेला असेल तर दुसरा मिळेपर्यंत तो आयनच राहतो. आणि वारंवारता जुळलेली असेल तर स्पंद कुठल्या क्षणी थांबला त्यावर सगळं ठरतं, सुतळी मध्येच धरली तर कोणता दगड हलता राहील तसं. पातळ्या पूर्ववत झालेल्या असतात, पण इलेक्ट्रॉन वरच अडकलेला असू शकतो. सोडियमचा असा इलेक्ट्रॉन सरासरी 16 नॅनोसेकंदांत खाली येतो, आणि येताना तोच चुलीतला पिवळा प्रकाश देऊन जातो.