राज्यशास्त्राची प्राध्यापकी सोडून निवडणूक लढवावी का?

तुम्ही विचारलंय की विदर्भात तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवता, नोकरी कायम आहे, ती सोडून विधानसभा लढवावी का.

लढा, पण विधानसभा नको. जिल्हा परिषदेच्या सर्कलपासून, म्हणजे एक सदस्य निवडून देणाऱ्या मतदारसंघापासून, सुरुवात करा. मी यवतमाळ जिल्ह्यात हाच विषय शिकवत होतो. राजीनामा दिला, 2017 ला सर्कलमधून अपक्ष उभा राहिलो, पडलो. तरी सल्ला हाच.

विधानसभेची अनामत 10,000 रुपये, ती कोणीही भरेल. पण खर्चाची कायदेशीर मर्यादाच 40 लाखांची आहे. सर्कल म्हणजे पंचायत समितीचे दोन गण, दोन छोटे मतदारसंघ. तेवढी गावं मोटरसायकलवर होतात आणि गावोगावी तुमचे जुने विद्यार्थी भेटतात. कोणाचं कृषी केंद्र असतं, कोणी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक असतो. त्यांच्या घरी चहा झाला की पुढची दारं आपोआप उघडतात.

प्रचारात मला पक्षांतरबंदी कायदा कोणी विचारला नाही. एका म्हाताऱ्या कास्तकारानं विचारलं, "सर, तुमी निवडून आले त आमची पांदण मोकळी होईन काय?" पांदण म्हणजे वावरात जायची वाट. ती अडली की वावरातला कापूस बंडीनं घरी येत नाही, डोक्यावर गाठोडी वाहावी लागतात. त्यासाठी निवडून यायची गरजच नव्हती. असलेली वाट कोणी अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 आहे. वावरात जायला वाटच नसेल तर जमीन महसूल अधिनियम 1966 चं कलम 143. दोन्ही अर्ज तहसीलदाराकडेच जातात. मी त्यांना तिथंच अर्ज लिहून दिला. मग लोक अर्जासाठी घरी यायला लागले आणि निकालानंतरही यायचे थांबले नाहीत. वर्गात इतकी वर्षं स्थानिक स्वराज्य शिकवलं, पण ते कोणाच्या इतकं उपयोगी पडताना मी पहिल्यांदा पाहिलं. 2022 ला मुदत संपून जिल्हा परिषदेवर प्रशासक आला, सदस्यच उरले नाहीत, तेव्हा तर या अर्जांची फार गरज पडली.

शिक्षक किंवा पदवीधर मतदारसंघाचाही विचार तुमच्या मनात असेल. प्रा. बी. टी. देशमुख अमरावती पदवीधरमधून विधान परिषदेत गेले आणि विदर्भाच्या अनुशेषाचा, म्हणजे राहून गेलेल्या विकासाचा, हिशेब त्यांनी सभागृहात नेटानं मांडला. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण त्या मतदार यादीत पांदणीवाला कास्तकार नसतो.

पगाराचं, कर्जाचं घरी बोलून घ्या, त्यावर मी काय सांगणार! मला जड गेली ती कॉलेजातली माझी रिकामी जागा. कायम जागा लवकर भरली जात नाही, विषय तासिका तत्त्वावरच्या कोणाच्या तरी गळ्यात पडतो, आणि बी.ए.ला येणारी पोरं बहुतेक घरातली पहिलीच शिकणारी असतात. म्हणून सत्राच्या मध्ये सोडू नका.

निवडणुकीसाठी रजा चालते की राजीनामाच लागतो, हे संस्थेकडून आणि विद्यापीठाकडून लेखी घ्या. राखीव जागेवरून लढणार असाल तर जात वैधतेचे कागद आजच काढायला घ्या. 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या अपत्यामुळे संख्या दोनच्या वर जात असेल, तर जिल्हा परिषदेला अपात्र ठराल. आणि सर्कल कोणत्या प्रवर्गाला सुटलं हे आरक्षणाच्या सोडतीतच कळतं, तेव्हा त्याआधी राजीनाम्यावर सही करू नका.