आमच्या फॉन्ट-गटातली तांत्रिक चर्चा दरवेळी भलतीकडे जाते. ती विषयावर कशी ठेवायची?

तुमचा प्रसंग ओळखीचा वाटला. देवनागरी फॉन्टवर हौसेने काम करणारा गट, मुद्दा एवढाच की ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं कधी दिसावीत, आणि बघता बघता गाडी हिंदीच्या अतिक्रमणावर, शासनाच्या धोरणावर आणि कोण किती मराठी यावर. कुणाला न दुखावता आवर कसा घालायचा, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते माणसांना आवर घालायच्या मागे लागूच नका. आधी बघा की नेमकं काय ठरवायचंय आणि ते कोण ठरवणार, हे कुठे लिहून ठेवलंय का. बहुतेक गटांत नसतं. मग ज्याला तुम्ही भरकटलेला म्हणता, तो त्याच्या समजुतीने विषयावरच बोलत असतो.

इंटरनेटची मानकं तयार करणारी आयईटीएफ बघा. तिथे सभासदत्व नाही, मतदान नाही, कुणीही येऊन बोलावं. म्हणजे भरकटायला पूर्ण मोकळीक! तरी काम होतं, कारण प्रत्येक कार्यगटाचा चार्टर असतो: प्रश्न कोणता, त्याची हद्द कुठपर्यंत, कोणतं काम कधी पुरं व्हावं. शिवाय १९९८च्या आरएफसी २४१८मध्ये (आरएफसी म्हणजे आयईटीएफचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) अध्यक्षाला एखादा मुद्दा नाकारायला किंवा पुढे ढकलायला चार कारणं दिली आहेत. त्यावर निर्णय झालाय आणि यात नवीन काही नाही. मुद्दा नवा आहे, पण झालेल्या निर्णयाला धक्का लागावा इतका मोठा नाही. त्या विषयाची पाळी अजून आलेली नाही. किंवा तो चार्टरबाहेरचा आहे.

चारही कारणं मुद्द्याबद्दल आहेत, बोलणाऱ्याबद्दल एकही नाही. ‘तुम्ही विषय सोडून बोलताय’ म्हटलं की समोरचा पेटतो. ‘याची पाळी अजून आलेली नाही, जोडाक्षरांचं काम संपलं की घेऊ’ म्हटलं तर बरेच जण थांबतात. फक्त नंतर तो विषय खरंच घ्या. ‘नंतर बघू’चा अर्थ आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतो.

दुसरा त्रास म्हणजे तोच आक्षेप पुन्हा पुन्हा येणं. माणूस हट्टी असतो हे खरं, पण अनेकदा आपलं म्हणणं कुणी ऐकलंच नाही असं त्याला वाटत असतं. २०१४च्या आरएफसी ७२८२मध्ये यावर छान विवेचन आहे: सहमतीसाठी प्रत्येक आक्षेपाचा विचार व्हायला हवा, तो मान्य व्हायलाच हवा असं नाही, आणि डोकी मोजून काही सिद्ध होत नाही. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा घडवणारे आपल्या प्रस्तावांत, म्हणजे पेपमध्ये, ‘नाकारलेल्या कल्पना’ असा भागच ठेवतात, कारणांसकट. जुना वाद उकरणाऱ्याला तिकडे बोट दाखवायचं, बस.

याने सगळं शांत होतं असं मात्र समजू नका. पेप ५७२मध्येही नाकारलेल्या पर्यायांची चांगली लांब यादी आहे, तरी त्यात सुचवलेल्या ‘:=’ या एका चिन्हावरून इतकं रणकंदन झालं की प्रस्ताव मंजूर केल्यावर, जुलै २०१८मध्ये, भाषेचे जनक खीडो फान रॉसम यांनी अंतिम निर्णय देण्याची भूमिकाच सोडली. पुढे पाच जणांची निवडून आलेली परिषद आली. तुमच्या गटातही निर्णय एकाच्याच डोक्यावर असेल, तर तो दोघा-तिघांत वाटून टाका.

आता तुमचा विषय. अक्षराच्या वळणावर ज्याला वाचता येतं त्या प्रत्येकाला मत असतं. शेपिंगच्या, म्हणजे अक्षरं जोडून पडद्यावर रूप देण्याच्या, नियमांवर मोजक्यांना. पार्किन्सन यांनी १९५७ साली हेच मांडलं: अणुभट्टीचा खर्च समिती मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास घालवते. म्हणून ‘मराठी वळण हवं की नको’ असा प्रश्न ठेवूच नका. ओपनटाइप या फॉन्टच्या प्रकारातल्या ‘एलओसीएल’ सोयीमुळे एकाच फॉन्टमध्ये दोन्ही रूपं राहतात आणि मजकुराची भाषा मराठी असली की मराठी रूप उमटतं. वाद उरतो तो एवढाच: ॲपने भाषा सांगितलीच नाही, तर मूळ रूप कोणतं दिसावं? हा प्रश्न तपासून बघता येतो. ज्याला बोलायचंय त्याने आपण वापरतो त्या ॲपमधला स्क्रीनशॉट टाकावा, ही अट घाला. बोलणारे आपोआप कमी होतील आणि जे उरतील ते कामाचं बोलतील.

हिंदी-मराठीचा मुद्दा पोकळ नाही, त्यामुळे तो दाबू नका. त्याला वेगळी जागा द्या आणि त्यात रस असलेल्या एखाद्याकडेच ती सांभाळायला सोपवा. मुख्य चर्चेच्या माथ्यावर तीन ओळी पुरे: प्रश्न, निर्णय घेणाऱ्यांची नावं, शेवटची तारीख.