पाळकांचा आदर करायचा ना? आधी त्यांचा पगार वेळेवर द्या

तुमचा प्रश्न असा आहे: "मंडळीतल्या पाळकांवर आणि वडीलजनांवर प्रेम आणि आदर प्रत्यक्षात कसा दाखवावा? नुसतं ‘त्यांच्यासाठी प्रार्थना करा’ असं सांगू नका."

नाही सांगत. मी पाळकाची, म्हणजे चर्चच्या पास्टरची, मुलगी आहे, पार्सनेजमध्ये, म्हणजे चर्चने पाळकाला दिलेल्या घरात, वाढले, त्यामुळे माझं उत्तर पैशापासूनच सुरू होणार. पगार ठरल्या तारखेला द्या. तक्रार असेल तर तोंडावर सांगा. हार, शाल, टाळ्या हे सगळं त्यानंतर.

सत्काराच्या उपासनेत १ थेस्सलनीकाकरांस ५:१२-१३ हमखास वाचतात: जे तुमच्यामध्ये श्रम करतात त्यांना प्रीतीने मान द्या. १ तीमथ्य ५:१७ मधला दुप्पट सन्मानही वाचतात, आणि तिथेच बायबल मिटतात. पुढच्याच वचनात ही पत्रं लिहिणारा प्रेषित पौल मळणीच्या बैलाचं तोंड बांधू नका म्हणतो, कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे म्हणतो. ते अठरावं वचन सत्काराच्या दिवशी वाचलेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

आमच्या भागातल्या जुन्या मंडळ्यांना हे जड जातं, त्याला इतिहासही आहे. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. कितीतरी पाळक, शिक्षक आणि बायबल-बायांचे (घरोघरी बायबल सांगणाऱ्या स्त्रियांचे) पगार मिशन देई, म्हणजे शेवटी ते बोस्टनच्या मिशन बोर्डाकडून येत. पाळक हा मिशनचा माणूस, त्याचं मिशन बघेल, ही सवय अंगात मुरली. पुढे मिशनरी गेले, मंडळ्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, १९७० साली नागपुरात अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, पण वर्गणीची पावती फाडून घेताना पाळकावर उपकार करतोय असा चेहरा करणारे लोक अजून आहेत.

आता माझ्या घरचं. गाव आणि पंथ मुद्दाम लिहीत नाही. तालुक्याच्या गावी एक मंडळी आणि आसपासच्या खेड्यांत लहान लहान मंडळ्या, हे सगळं पप्पांकडे होतं. एम-८० वर फिरायचे. रविवारी दोन-तीन उपासना, आठवडाभर घरभेटी, मयत झालं की रात्री-अपरात्री निघायचं. खजिनदार होते माझे मामाच, आईचे चुलतभाऊ. हिशेबाला चोख माणूस. एका पैशाची अफरातफर त्यांनी केली नाही, हे मी आधीच सांगून टाकते. पण त्यांच्या यादीत पगार सगळ्यात खाली असे. आधी चर्चचे पत्रे, मग नाताळची रोषणाई, मग तीन रात्रींचं कन्व्हेन्शन, म्हणजे उपदेशाच्या सभा. कन्व्हेन्शनला मुंबईहून उपदेशक आले, त्यांना लॉजवर उतरवलं, जाताना पाकीट दिलं. त्या वर्षी हंगामाच्या सणापासून, म्हणजे पीक आल्यावरच्या उपकारस्तुतीपासून, पप्पांचा पगार निघालेला नव्हता, आणि त्याच पप्पांना त्या पाहुण्यांच्या पाकिटावर प्रार्थना करायला लावली.

माझ्या मोठ्या बहिणीचा नर्सिंगचा प्रवेश त्याच सुमाराला आला. फीचा पहिला हप्ता भरायचा होता. पप्पा कधी कुणाकडे मागायला जात नसत, पण तेव्हा गेले. मामा म्हणाले, "दाजी, देवाच्या सेवकाने पैशाचं बोलू नये. रेव्हरंड टिळकांनी तर मिशनचा पगारच सोडून दिला." पप्पा काही न बोलता परत आले. आईने पाटल्या मोडल्या. पप्पांच्या बदलीच्या वेळी याच कमिटीने निरोपसमारंभ केला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, ग्रुप फोटो. "असा सेवक पुन्हा होणे नाही" हे भाषण मामांचं. थकलेला पगार शेवटपर्यंत मिळाला नाही. पप्पा म्हणाले, जाऊ दे. मी जाऊ देत नाही.

टिळकांचं नाव घेऊन पाळकाचं तोंड बंद करणारे पुष्कळ भेटतात, म्हणून हे नीट लिहिते. कवी आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली ती स्वतःच्या मनाने, ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा मेळा उभा करायला. कुठल्या खजिनदाराने त्यांचा पगार अडवून त्यांना संन्यासी केलं नव्हतं. आणि घरातला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणाऱ्या माणसाचा संसार चालवताना काय होतं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. मामांनी तेवढी पानं वाचावीत.

पौलाचंही तेच. करिंथात तो तंबू शिवून पोट भरत होता, हे आपल्याला फार आवडतं. पण १ करिंथकरांस ९ मध्ये तो आधी ठणकावून सांगतो की सुवार्ता सांगणाऱ्यांचा निर्वाह सुवार्तेवर व्हावा, हा प्रभूचाच नियम आहे, आणि मग म्हणतो, मी माझा हा हक्क वापरलेला नाही. हक्क त्याचा होता, म्हणून सोडायचाही त्यानेच. करिंथकरांनी कमिटीत ठराव करून तो सोडायचा नव्हता. फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती पाठवलेली मदत त्याच पौलाने आनंदाने घेतली आणि पत्रात तिचं कौतुक केलं.

खरा आदर मी ज्या बाईत पाहिला ती भाजी विकणारी एक विधवा आजी होती. हंगामाच्या सणाला आपल्या वाटणीची ज्वारी ती वेदीपुढे ठेवायची, तिचा इतरांच्या कोंबड्या-भोपळ्यांबरोबर लिलाव व्हायचा, पैसे मंडळीला जायचे. संध्याकाळी मागच्या दाराने आणखी एक गाठोडं घेऊन यायची. "बाई, हे चर्चचं नाही, तुमच्या लेकरांचं," असं आईला सांगायची. हीच आजी एकदा उपासनेनंतर पप्पांना अडवून म्हणाली होती, "पाळकसाहेब, माझा पोरगा दवाखान्यात होता, तुम्ही आला नाहीत. मला वाईट वाटलं." पप्पा दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. विषय मिटला. कमिटीतल्या लोकांनाही तक्रारी होत्या, पण त्यांच्या तक्रारी कंपाउंडमध्ये लिंबाखाली व्हायच्या आणि निनावी अर्ज बनून वरच्या ऑफिसात पोचायच्या. दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडीलजनावरचा (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठावरचा) आरोप ऐकूही नको, हे १ तीमथ्य ५:१९ आहे. निनावी अर्जाला साक्षीदार कुठून असणार? आदर करणारा माणूस सही करतो.

पाळकाच्या बायकोबद्दलही सांगते. तिला संडे स्कूल, महिला मंडळ आणि पाहुण्यांचा चहा यांसाठी फुकट मिळालेली बाई समजू नका. पाळकाची मुलं नाताळच्या नाटकात चुकली तर आठवडाभर चघळू नका. बदली झाली तर सामान उचलायला चार तरुण पाठवा.

हे सगळं म्हणजे पाळक म्हणेल ती पूर्वदिशा असं नाही, हेही लिहायला हवं. एकोणिसाव्या वचनाला लागूनच विसावं आहे: पाप करणाऱ्यांचा दोष सर्वांदेखत दाखव. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला (गलती २:११). ज्या फेलोशिपमध्ये (स्वतंत्र प्रार्थनामंडळीत) पासबुक, सही आणि व्यासपीठ एकाच माणसाच्या हातात आहे आणि हिशेब विचारला की "अभिषिक्ताला (देवाने नेमलेल्याला) हात लावू नका" ऐकायला मिळतं, तिथे माझा हा सल्ला लावू नका, तिथे हिशेब मागा. बाई-मुलांशी गैरवर्तन असेल तर ते कमिटीत मिटवायचं नाही, पोलिसांत जायचं. कॅथलिक वाचकांसाठी: फादरांची व्यवस्था वेगळी, त्यांना बायको-मुलं नसतात, तेव्हा पगाराचा मुद्दा तुम्हाला तसाच्या तसा लागू नाही.

वडीलजनांबद्दल तुम्ही विचारलं होतं, त्यावर मी कमी लिहिलं. ते बहुतेक स्वतःच्या पोटापाण्याचं बघून सेवा करतात, त्यांना पैसा नको असतो, मिटिंगला वेळेवर येणारी माणसं हवी असतात.

मामा आता थकलेत, मी भेटायला जाते, त्यांच्याबद्दल माया आहे. त्यांचं अजून तेच म्हणणं आहे की पैशाने सेवकाची किंमत होत नाही. मग मामा, घड्याळाने कशी झाली?

आणि तुम्ही, प्रश्न विचारणारे: येत्या वार्षिक सभेत उभे राहून विचारा की पाळकांचा पगार कुठल्या महिन्यापर्यंत झाला आहे आणि प्रॉव्हिडंट फंड भरला आहे का. पाळक समोर बसलेले असतील, त्यांना अवघडल्यासारखं होईल, तरी विचारा. ते स्वतः कधीच विचारणार नाहीत.