बेळगावात अंगणात होलीचं झाड (ख्रिसमसच्या सजावटीतलं, काटेरी पानांचं) लावलं तर लाल फळं धरतील का?

ख्रिसमस कार्डावरची इंग्लिश होली लावू नका. तिला थंड हवा लागते, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ती तग धरणं कठीण. हौसच असेल तर चिनी होलीतली 'बर्फोर्डी' जात बघा. होलीत नर-मादी झाडं वेगळी असतात (फुलाच्या मधोमध हिरवी गाठ दिसली की मादी), पण बर्फोर्डीला नर नसला तरी फळं धरतात. पान चकचकीत, टोकाला बहुधा एकच काटा. तांबड्या मातीत शेणखत घाला, पावसाळ्यात बुडाशी पाणी साचू देऊ नका.

कुंपणासाठीच हवी असेल तर माझं मत करवंदाला. खानापूर-जांबोटीच्या रानातली ही जाळी बारा महिने हिरवी, काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत, आणि मे महिन्यात पोरांना टोपलीभर करवंदं!